अप्पांची घासाघीस

माणसाच्या दोन मांड्या एकमेकींच्या सख्ख्या शेजारणी असतात, ही गोष्ट वयाची पन्नाशी उलटून गेली तरी अप्पांच्या ध्यानात आली नव्हती. इतकी वर्षं त्या दोघी गुण्यागोविंदानं नांदल्या होत्या. अप्पा घरून कचेरीत जात, कचेरीतून घरी येत आणि मधल्या वेळात बसत. एवढ्याशा हालचालीत भांडण होण्यासारखं काही नव्हतं. मग अप्पा पळायला लागले आणि पहिल्याच रविवारी दोघींनी एकमेकींची सालटी काढली.

अप्पा पाणीपुरवठा कचेरीत मुख्य लेखनिक होते. त्यांच्या टेबलावरून कागद पुढे सरकल्याशिवाय शहरातल्या एकाही नळाला तोटी बसत नसे. असा माणूस सहसा पळत नाही, लोक त्याच्याकडे पळत येतात. पण एका संध्याकाळी त्यांची मुलगी दारात बुटांच्या नाड्या सोडता सोडता म्हणाली, "बाबा, ती एकवीस किलोमीटरची शर्यत आहे ना, तिच्यातून माझी मैत्रीण गळाली. तिच्या जागी दुसरं नाव घालता येतंय. येता का तुम्ही?"

अप्पा "हो" म्हणाले.

हे का म्हणाले, ते सांगायला हवं. मुलगी शर्यतीनंतर लगेच लांबच्या शहरात नोकरीला जाणार होती. आणि गेल्या काही वर्षांत बापलेकीतलं बोलणं आटत आटत "पंखा बंद कर" आणि "आईला विचार" एवढ्यावर आलं होतं. त्यातही मुलीचं एक वाक्य अप्पांना फार लागायचं. जड पिशवी उचलायला गेलं, फोनवर काही शोधायला गेलं, की ती अगदी मायेनं म्हणायची, "बाबा, राहू द्या तुम्ही." त्या घरात कुणीतरी त्यांना "येता का?" असं विचारलं, याला बराच काळ लोटला होता. तेव्हा आधी होकार गेला. एकवीस किलोमीटर म्हणजे किती, ते त्यांनी दुसऱ्या दिवशी कचेरीतल्या भिंतीवरच्या नकाशावर पाहिलं. तलावापासून शुद्धीकरण केंद्रापर्यंतचं अंतर साधारण तेवढंच होतं. ते कापायला पाण्यालासुद्धा पंप लागत होते.

मुलगी संध्याकाळी तिच्या मित्रमंडळींबरोबर पळायची. "तुम्ही सकाळी तुमच्या वेगानं पळा, बाबा. एकदम शर्यतीच्या दिवशीच बरोबर पळू," असं ती म्हणाली होती. अप्पांना हे बरं वाटलं. आपली तयारी होईपर्यंत आपलं पळणं कुणी पाहू नये, अशी त्यांचीही इच्छा होती.

त्या पहिल्या रविवारी ते परतले ते भूमितीच्या पेटीतल्या कर्कटकासारखे. पाय जिन्याच्या दोन टोकांना आणि अप्पा मध्ये. दार उघडल्या उघडल्या बायकोची नजर त्यांच्या पांढऱ्या बनियनवर गेली. छातीवर डावी-उजवीकडे दोन लाल ठिपके उमटले होते.

"अगं बाई! कुणी मारलं तुम्हाला?"

"कुणी नाही. बनियननं."

"बनियननं?"

"घासलं. पळताना घासतं ते. हळू बोल, ती उठेल."

बायको मोठी समंजस. ती हसली नाही. आत स्वयंपाकघरात जाऊन, ओट्याला धरून, नळ सोडून मग हसली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पावडरचा डबा होता. "लहान बाळांना लावतात ना, तसं लावा. कोरडं राहिलं की घासत नाही."

अप्पांनी लावली. सढळ हातानं लावली. अर्ध्या तासानं घाम आला आणि पावडरीचा ओल्या चुन्यासारखा लगदा झाला. काळ्या चड्डीखालून दोन पांढरे ओघळ पोटऱ्यांपर्यंत उतरले. बागेत फिरायला येणाऱ्या एका सभ्य गृहस्थांनी त्यांना थांबवून विचारलं, "कुठे रंगकाम चाललंय का हो? आमच्याकडेही दोन खोल्या रंगवून घ्यायच्या आहेत."

इथे शेजारच्या घरातले इंजिनवाले या प्रकरणात शिरले. हे गृहस्थ उभा जन्म रेल्वेचं इंजिन चालवून निवृत्त झाले होते आणि जगातल्या यच्चयावत दुखण्यांकडे त्याच नजरेनं बघत. त्यांच्या मते संसारातली कुरबुरसुद्धा मुळात वाफ कोंडल्यामुळे होते. जिन्यातून आडवे चढणारे अप्पा पाहून त्यांनी क्षणात निदान केलं.

"अप्पा, हा कातडीचा प्रश्नच नाही. दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासताहेत. मध्ये काय पाहिजे?"

"काय?"

"वंगण! तुम्ही तिथे भुकटी टाकताय. अहो, धावत्या चाकात कुणी भुकटी टाकतं का?"

ते स्वतः अप्पांना औषधाच्या दुकानात घेऊन गेले. अप्पांनी आवाज शक्य तितका खाली नेऊन पेट्रोलियम जेली मागितली. मोठी डबी.

"लंगोटाच्या जागी लाल झालंय का? बाळ केवढं आहे?" औषधवाल्यानं विचारलं.

"पन्नाशी उलटलीय बाळाची," इंजिनवाले मागून म्हणाले. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती. सगळ्यांनी बाळाकडे वळून पाहिलं.

जेलीनं मांड्या खरोखर शांत झाल्या. इंजिनवाल्यांचं चुकलं ते प्रमाणात. "वंगणात कंजुषी नको," या त्यांच्या आज्ञेबरहुकूम अप्पा इतकी जेली लावत, की पळून दमल्यावर बागेच्या बाकावर टेकले की ते हळूहळू पुढे सरकत आणि खाली येत. बाकावर दोन लंबगोल डाग उरत. पुढे पुढे सकाळची मंडळी तो बाक ओळखू लागली आणि त्यावर बसेनाशी झाली.

तरी एक जागा सलत होतीच. चड्डीची शिवण. अप्पा ओळखीच्या शिंप्याकडे गेले आणि आतून कुठेही शिवण लागणार नाही अशी चड्डी हवी म्हणाले.

शिंप्यानं टेप गळ्यात अडकवली. "साहेब, शिवण नको, तर माझ्याकडे कशाला आलात?"

बरीच घासाघीस झाली, म्हणजे बोलण्यातली, आणि शेवटी शिंप्यानं सगळ्या शिवणी बाहेरच्या अंगाला घेऊन चड्डी शिवली. आतून लोण्यासारखी मऊ. बाहेरून मात्र ती थेट उलटी घातल्यासारखी दिसे. लोक भले असतात. पहिल्या सकाळी दूधवाल्यानं सायकल थांबवून सांगितलं, "काका, चड्डी उलटी झालीय." मग पेपरवाल्यानं. मग बागेतल्या त्या रंगकामवाल्या गृहस्थांनी. पहिल्या दिवशी अप्पांनी प्रत्येकाला घर्षणाचं शास्त्र समजावून सांगितलं. चौथ्या दिवसापासून ते समोरून कुणी येताना दिसलं, की त्यानं तोंड उघडण्याआधीच "मुद्दाम!" असं ओरडून पुढे जाऊ लागले. यामुळे त्यांच्याविषयी एक वेगळाच समज पसरला, पण निदान थांबावं लागत नव्हतं.

मांड्या निवल्या आणि पाय उठले. उजव्या टाचेवर टपोरा फोड आला. बूट घालवेना. अप्पा दोन दिवस चपला घालून कचेरीत गेले.

आता त्या कचेरीत चपलांना बंदी होती. मोठ्या बाई, म्हणजे कचेरीच्या प्रमुख, नव्यानं आलेल्या आणि शिस्तीच्या होत्या. त्यांनी बंद पादत्राणांचं परिपत्रक काढलं होतं. त्याचा मसुदा अप्पांनीच लिहिला होता आणि त्यात "उघड्या पादत्राणांमुळे कार्यालयाच्या प्रतिष्ठेस बाधा पोचते" हे वाक्य स्वतःहून घातलं होतं. ते वाक्य लिहिल्यावर त्यांना इतकं समाधान वाटलं होतं, की त्यांनी ते बायकोला घरी वाचून दाखवलं होतं.

मोठ्या बाईंनी चपला पाहिल्या आणि खुलासा मागवा म्हणून सांगितलं. खुलासा मागवण्याचं काम मुख्य लेखनिकाचं. तेव्हा अप्पांनी अप्पांना नोटीस लिहिली. मायना थोडा कडक झाला होता, पण माणूस ओळखीचा म्हणून सौम्य करणं त्यांच्या तत्त्वात बसेना. नोटीस त्यांनी स्वतःच्या टेबलावर ठेवली, मिळाल्याची सही केली आणि उत्तर लिहायला घेतलं. "फोड" हा शब्द कचेरीच्या कागदावर बरा दिसेना. त्यांनी लिहिलं, "घर्षणामुळे सदर प्रकार घडला."

कागद वर गेला आणि परत आला. समासात मोठ्या बाईंचं वळणदार अक्षर होतं. "घर्षण कोणाशी झाले, ते स्पष्ट करावे."

बुटाशी, असं लिहिलं असतं तर मिटलं असतं. पण अप्पांचा सरकारी हात अशा वेळी सरळ चालत नसे. त्यांनी लिहिलं, "सदर घर्षण अंतर्गत स्वरूपाचे आहे."

एवढंच निमित्त झालं. कचेरीत अंतर्गत घर्षण आहे, ते मुख्य लेखनिकापर्यंत पोचलंय आणि तो माणूस नावं घ्यायला घाबरतोय, असा मोठ्या बाईंनी अर्थ लावला. जमाखर्चवाल्यांना वाटलं आपल्यावर तक्रार गेली. नळजोडणीवाल्यांना वाटलं जमाखर्चवाल्यांनी केली. एरवी एकाच डब्यातून खाणारी माणसं वेगवेगळ्या खिडक्यांशी बसून जेवू लागली. जिथे काडीचं घर्षण नव्हतं तिथे दोन दिवसांत खरोखरच ठिणग्या उडू लागल्या. शेवटी मोठ्या बाईंनी सगळ्यांची एकत्र बैठक लावली. विषय होता सलोखा आणि जागा नवं सभागृह.

त्या सभागृहाची फरशी नुकतीच घासून आरशासारखी केलेली होती आणि पादत्राणं दाराबाहेर काढायचा नियम होता. तो नियमही अप्पांनीच टाईप केलेला.

नेमकं त्याच आठवड्यात डॉक्टरांनी अप्पांची टाच पाहून सल्ला दिला होता. "दोन मोजे घाला. आतला पातळ, गुळगुळीत. घासायचंच असेल तर मोजा मोज्यावर घासू दे, तुमच्या पायावर कशाला? आणि जे घालायचं ते आत्तापासून रोज वापरा. शर्यतीच्या दिवशी अंगावर काहीही नवं नको." अप्पांनी घरभर पातळ, गुळगुळीत असं काही शोधलं. बायकोच्या कपाटात लग्नसमारंभाला घालायचे अंगाच्या रंगाचे नायलॉनचे मोजे सापडले. घोट्यापाशी त्यांना बारीकशी वेलबुट्टी होती. वरून आपले काळे मोजे असल्यावर कोण बघतंय, असा त्यांनी विचार केला. आणि त्या दोहोंच्या मध्ये, इंजिनवाल्यांच्या शिकवणीप्रमाणे, जेली.

सभागृहाच्या दारात अप्पांनी खाली वाकून बूट ओढला. बुटाबरोबर काळा मोजा सुळ्ळकन निघून आला. त्यांनी तो परत चढवायला बघितला, पण निसरड्या पायावर तो राहीना. मागे रांग लागली होती. कुणाचं लक्ष जायच्या आत आपल्या खुर्चीत जाऊन बसावं, म्हणून अप्पा झपाट्यानं आत शिरले.

झपाट्यानं शिरायला नको होतं. जेली, नायलॉन आणि आरशासारखी फरशी यांचा असा काही मेळ बसला, की पहिल्या पावलानंतर अप्पांना दुसरं टाकावंच लागलं नाही. दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांची रांग त्यांच्या डोळ्यांसमोरून हलकेच मागे गेली. जमाखर्चवाल्यांना वाटलं, साहेब आपल्याकडे येताहेत, म्हणून दोघं उठून उभे राहिले. अप्पांनी जाता जाता त्यांच्याकडे पाहून मान लववली. मग ते बसते झाले आणि बसल्या बसल्या थेट मोठ्या बाईंच्या टेबलापाशी पोचले. पाय पुढे, वेलबुट्टी सगळ्यांसमोर.



"अप्पासाहेब," मोठ्या बाई टेबलावरून वाकून म्हणाल्या, "हे काय आहे?"

आयुष्यभर अप्पांनी अशा प्रश्नांना "सदर" या शब्दानं सुरू होणारी उत्तरं दिली होती. पण जमिनीवर बसलेल्या, बायकोचे मोजे घातलेल्या माणसाच्या तोंडून "सदर" निघत नाही. त्यांनी सगळं सांगून टाकलं. मांड्या, बनियन, उलटी चड्डी, फोड. घर्षण कोणाशी, तेही सांगितलं. लोक आधी खाली मान घालून हसले, मग वर मान करून.

मोठ्या बाई हसल्या नाहीत. "मुलीला माहीत आहे हे?"

"नाही."

"का?"

"ती म्हणेल, बाबा, राहू द्या तुम्ही."

हसणं थांबलं. मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यांनाही घरी तरुण मुलगा असावा. मग त्यांनी अप्पांचा कागद मागवून त्यावर लिहिलं, "घर्षणाचे समाधानकारक निराकरण झाले. प्रकरण बंद." सभा तिथेच संपली. दुपारी सगळे पुन्हा एका डब्यातून जेवले. आणि शर्यतीपर्यंत त्या कचेरीत नळजोडणीचं एकही काम कुणी धड केलं नाही, कारण प्रत्येकाकडे अप्पांसाठी एक उपाय होता.

शर्यतीच्या सकाळी अप्पा आंघोळीच्या खोलीत शिरले ते पाऊण तास बाहेर आले नाहीत. छातीवर चिकटपट्ट्या, पायांच्या बोटांना पट्ट्या, काखेत जेली, मांड्यांना जेली, चपटी डबी खिशात. बायकोनं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "टपालानं पाठवायचंय का कुणाला?" असं म्हणून तिनं त्यांच्या पाठीवर निसटलेलं पट्टीचं टोक दाबून बसवलं. तिचा हात तिथे जरा जास्तच वेळ राहिला.

खाली मुलगी वाट बघत होती. तिच्या पायांत लखलखीत नवे बूट होते.

"नवे?" अप्पांनी विचारलं.

"कालच आले! भारी आहेत ना?"

अप्पांच्या जिभेवर डॉक्टरांचं अख्खं व्याख्यान आलं. पण ती गेली चार वर्षं पळत होती आणि आपण कालपरवा उलटी चड्डी घालायला शिकलो, असं मनाशी म्हणून त्यांनी ते गिळलं. "भारी आहेत," ते म्हणाले.

निम्मं अंतर चांगलं गेलं. मुलगी मुद्दाम वेग कमी ठेवून शेजारी पळत होती आणि अप्पांचा एकही अवयव दुसऱ्याशी भांडत नव्हता. नदीवरचा पूल ओलांडला आणि अप्पांच्या कानाला काहीतरी लागलं. तिच्या पावलांचा ताल बिघडला होता. एक पाऊल नीट पडत होतं, दुसरं उचलल्यासारखं. टाच टेकू नये म्हणून माणूस बाहेरच्या कडेवर पाय टाकतो, तसं.

"काय झालं?"

"कुठे काय? काही नाही."

थोड्या वेळानं तिनं ओठ दाबून धरले. ते ओठ अप्पांनी आरशात रोज पाहिले होते.

"बस तिथे कडेला."

"बाबा, काही नाहीये. तुम्ही व्हा पुढे, वेळ जाईल तुमचा."

"बस म्हटलं ना!" असा आवाज त्यांनी घरात कधी काढला नव्हता. ती पदपथावर बसली. त्यांनी बूट काढला. टाचेवर दोन फोड, एक फुटलेला. अप्पा गुडघ्यावर बसले, रुमालानं टाच कोरडी केली आणि मग लक्षात आलं, की पट्ट्यांचं पुडकं घरीच राहिलं. होत्या तेवढ्या सगळ्या अंगावर होत्या.

त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, शर्टात हात घातला आणि डोळे मिटून छातीवरची पट्टी ओढली.

ती किंकाळी ऐकून पाणी वाटणारे दोघं स्वयंसेवक स्ट्रेचर घेऊन धावत आले. "कोणाला लागलंय?" त्यांनी विचारलं. अप्पांना बोलता येईना. मुलीला हसू आवरेना. पट्टीला छातीवरचे केस चिकटले होते म्हणून ती चिकटेना. मग अप्पांनी आपला बूट आणि मोजे काढून बोटांच्या दोन पट्ट्या सोडवल्या, त्या चांगल्या बसल्या. त्यावर जेली. मग अप्पांनी आपला आतला नायलॉनचा मोजा तिच्या पायात चढवला.

ती वेलबुट्टीकडे बघत राहिली. "बाबा... हा आईचा आहे."

"हो."

"तुम्ही आईचा मोजा घालून..."

"कचेरीतसुद्धा," अप्पा म्हणाले. आता लपवण्यात काही अर्थ नव्हता.

पळणं संपलं होतं. दोघं चालू लागले आणि चालता चालता अप्पांनी तिला सगळं सांगितलं. लंगोटवालं बाळ, उठून उभे राहिलेले जमाखर्चवाले, स्वतःला लिहिलेली नोटीस. ती दोनदा खांबाला धरून थांबली. सगळे पळणारे पुढे निघून गेले, मग चालणारेही. पाण्याची टेबलं उचलली जात होती. एक सफाईची गाडी त्यांच्या मागून त्यांच्याच वेगानं येत होती, बिचारी घाई करत नव्हती.

मग तिनं विचारलं,

"बाबा, मला तिकडे जमेल ना?"

"पहिले काही दिवस लागेल सगळीकडे," ते म्हणाले. "घर लागेल, माणसं लागतील. आपण कुठे कुठे घासलो जातो, ते आधी कळत नाही. पळायला लागल्यावरच कळतं."

"मग?"

"मग फोन कर. मी आहे, इंजिनवाले आहेत. आमची सगळी कचेरी आहे."

ती हसली. मग बाहीनं डोळे पुसले आणि घाम आला म्हणाली. अप्पांनी ते मान्य केलं.

शेवटचं वळण घेतलं तेव्हा मैदान रिकामं होतं. बक्षिसं वाटून झाली होती, ध्वनिक्षेपक गेला होता. शेवटच्या रेषेवरची हवा भरलेली प्लास्टिकची कमान तेवढी होती, पण तिचा पंखा कुणीतरी बंद केला होता आणि ती हळूहळू कंबरेत वाकत खाली येत होती.

"बाबा, पळा!"

दोघं एक चांगला आणि एक लंगडा असे जमतील तेवढ्या पायांनी पळाले. कमान डोक्यावर आली, अप्पांनी ती दोन्ही हातांनी वर उचलून धरली आणि मुलीला "जा, जा आत" म्हणाले. ती खालून शिरली, वळली आणि तिनं पलीकडून उचलून धरली. अप्पा शिरले. त्याच क्षणी उरलीसुरली हवा गेली आणि तो सगळा पसारा दोघांच्या अंगावर बसला.

"आत कोण आहे रे?" बाहेरून कुणीतरी ओरडलं.

"दोन स्पर्धक!" अप्पा कचेरीच्या आवाजात म्हणाले. "आमचं अजून संपायचंय!"

बाहेर कुजबुज झाली, कुणीतरी हसलं आणि पंखा पुन्हा सुरू झाला. कमान आधी फुरफुरली, मग एक खांदा, मग दुसरा असं करत अंग झाडून उभी राहू लागली. खाली रेषेवर अप्पा आणि त्यांची मुलगी पाय पसरून बसले होते. वर बघत होते. उठायची घाई दोघांनाही नव्हती.